जन्मदर घटला, तरी लोकसंख्या वाढतेच कशी? केशोरीच्या नजरेतून समजून घ्या लोकसंख्येचं गणित

केंद्र सरकारने १६ जून २०२५ रोजी जनगणनेची अधिसूचना काढली आणि १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरवली. २०११ नंतर पहिल्यांदाच देश माणसं मोजणार आहे. मोजणीचा विषय निघाला की मोबाईलवर दोन प्रकारचे फॉरवर्ड हमखास येतात. पहिला म्हणतो, लोकसंख्येचा स्फोट झालाय, कडक कायदा करा. दुसरा म्हणतो, आपली संख्या घटतेय, जास्त मुलं होऊ द्या. कधीकधी तर एकाच ग्रुपवर, एकाच दिवशी दोन्ही येतात.

मग खरं काय? लोकसंख्या वाढतेय की घटतेय?

याचं उत्तर मुंबई-दिल्लीच्या आकड्यांपेक्षा एखाद्या आडबाजूच्या गावातून लवकर कळतं. म्हणून आपण जाऊया केशोरीला. गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या टोकाला, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गडचिरोलीच्या सीमेजवळचं हे गाव. आजूबाजूला जंगल आणि धानाच्या बांध्या. विदर्भात केशोरीचं नाव निघालं की लोकांना मिरची आठवते, आणि बातम्यांमध्ये हा भाग बरीच वर्षं नक्षलग्रस्त म्हणूनच यायचा. लोकसंख्येच्या चर्चेत मात्र तो कधीच येत नाही.

आधी थोडी उजळणी: लोकसंख्या संक्रमण म्हणजे काय?

बारावीच्या भूगोलात हा धडा असतो. १९२९ मध्ये वॉरन थॉम्पसन या अमेरिकी अभ्यासकाने ही कल्पना मांडली आणि १९४५ मध्ये फ्रँक नोटस्टाईन यांनी तिला नीट सिद्धांताचं रूप दिलं. सांगणं साधं आहे. समाज बदलत जातो तसे आधी मृत्यू कमी होतात आणि जन्म नंतर कमी होतात. या दोन घटनांच्या मधल्या काळात लोकसंख्या झपाट्याने वाढते.

समजा, एक हजार वस्तीचं गाव आहे. (हे आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत.)

- पहिला टप्पा: वर्षाला ४५ जन्म, ४३ मृत्यू. वाढ फक्त २.
- दुसरा टप्पा: लस आली, दवाखाना आला. जन्म ४२, मृत्यू २०. वाढ २२. या वेगाने गाव साधारण ३२ वर्षांत दुप्पट होतं.
- तिसरा टप्पा: कुटुंबं लहान होऊ लागली. जन्म २५, मृत्यू ९. वाढ १६.
- चौथा टप्पा: जन्म १५, मृत्यू ७. वाढ ८.
- पाचवा टप्पा: जन्म मृत्यूंपेक्षा कमी. गाव आकसायला लागतं. जपान आज याच टप्प्यात आहे.

दुसऱ्या टप्प्यात लोकांनी जास्त मुलं जन्माला घातली नाहीत, उलट थोडी कमीच घातली. तरीही वाढ अकरा पट झाली, कारण मरणारी माणसं वाचली. ज्याला आपण 'लोकसंख्येचा स्फोट' म्हणतो, तो मुळात मृत्यूवर मिळवलेला विजय होता.

शंभर वर्षांपूर्वी या भागात काय चित्र होतं?

आजचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. इंग्रजांच्या काळात हा सगळा मुलूख मध्य प्रांतात होता. १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा दोन मोठ्या दुष्काळांनी मध्य प्रांताला झोडपलं. परिणाम इतका मोठा होता, की १८९१ ते १९०१ या दशकात प्रांताची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली.

त्यानंतर १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ आली. देशभरात एक कोटीहून जास्त माणसं गेली, आणि सर्वाधिक फटका बसलेल्या प्रांतांमध्ये मध्य प्रांत होता. १९११ मध्ये देशाची लोकसंख्या सुमारे २५.२ कोटी होती, १९२१ मध्ये ती २५.१ कोटी भरली. दहा वर्षांत देश पुढे जाण्याऐवजी किंचित मागे गेला. तेव्हा भारतातलं सरासरी आयुर्मान वीस वर्षांच्या आसपास होतं.

वीस वर्षं आयुर्मान म्हणजे सगळे विशीत मरत होते असं नाही. खूप मुलं पहिल्या काही वर्षांतच दगावत, त्यामुळे सरासरी खाली यायची. जी जगत, त्यांपैकी काही साठीही गाठत. सहा-सात बाळंतपणं हा हौसेचा किंवा अडाणीपणाचा मामला नव्हता. म्हातारपणी एखादा तरी हाताशी राहावा, यासाठी घरोघरी केलेला तो हिशोब होता.

१९२१ नंतर भारताची लोकसंख्या एकाही जनगणनेत घटलेली नाही. म्हणून या वर्षाला 'महाविभाजनाचं वर्ष' म्हणतात.

मृत्यू कमी कशामुळे झाले?

एखाद्या मोठ्या हॉस्पिटलमुळे नाही, तर स्वस्त आणि साध्या गोष्टींमुळे.

स्वातंत्र्याच्या वेळी देशात दरवर्षी सुमारे ७.५ कोटी लोकांना मलेरिया व्हायचा आणि ८ लाख लोक त्याने दगावायचे. १९५३ मध्ये राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, घराघरांत डीडीटी फवारलं जाऊ लागलं. जंगलाच्या पट्ट्यात याचं मोल मोठं होतं. देवीचा शेवटचा स्थानिक रुग्ण १९७५ मध्ये आढळला. १९८५ मध्ये सार्वत्रिक लसीकरण सुरू झालं. २००५ मध्ये ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि गावोगावी आशाताई दिसू लागल्या.

यातला एक महत्त्वाचा प्रयोग केशोरीच्या शेजारच्या जिल्ह्यात झाला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नव्वदच्या दशकात ३९ गावांमध्ये गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. बाळाला ऊब कशी द्यायची, श्वास कसा मोजायचा, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा आणि औषध कसं द्यायचं, हे सगळं घरच्या घरी. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाला: नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. पुढे ही पद्धत देशभर आशाताईंच्या कामाचा भाग झाली.

२०२० च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार महाराष्ट्रात हजार जन्मांमागे १६ बाळं पहिल्या वाढदिवसाआधी दगावत होती. देशात हा आकडा २८ होता. २०१६-२० या काळात राज्याचं सरासरी आयुर्मान सुमारे ७३ वर्षं होतं. शंभर वर्षांत वीसवरून त्र्याहत्तर!

आणि जन्म कमी कशामुळे झाले? कायद्यामुळे?

कुटुंबनियोजनाच्या बाबतीत महाराष्ट्र बराच आधी जागा झाला. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्येच मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केलं होतं. देशाचा कुटुंबनियोजन कार्यक्रम १९५२ मध्ये आला. आणीबाणीत, १९७६ मध्ये, महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयकही मंजूर केलं, पण त्याचा कायदा झाला नाही.

मात्र खरी घसरण सक्तीविना झाली. १९९२-९३ च्या पहिल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या एका स्त्रीमागे सरासरी २.९ मुलं होती. २०१९-२१ च्या पाचव्या पाहणीत हा आकडा १.७ वर आला. देशाचा आकडा २.० झाला.

इथे २.१ ही संख्या लक्षात ठेवा. आई-वडील गेल्यावर त्यांची जागा घ्यायला दोन मुलं हवीत, आणि काही मुलं मोठी होण्याआधी दगावतात म्हणून वरचं ०.१. त्याला 'प्रतिस्थापन पातळी' म्हणतात. महाराष्ट्र तिच्या खाली जाऊन बरीच वर्षं झाली.

कारणं एकमेकांत गुंतलेली आहेत. मुलं जगतील याची खात्री वाटू लागली. मुली शाळेत गेल्या, लग्नाचं वय वाढलं. मूल लवकर कमावतं होण्याऐवजी शाळा-कॉलेजच्या खर्चाचा विषय झालं. गर्भनिरोधनाची साधनं मिळू लागली. पण याचा भार कोणावर पडला, तेही बघा. पाचव्या पाहणीत महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी निम्म्याच्या आसपास स्त्रियांची नसबंदी झालेली होती, आणि पुरुष नसबंदीचं प्रमाण अर्धा टक्काही नव्हतं.

आणखी एक कडू बाजू आहे. काही ठिकाणी कुटुंब लहान करताना मुलगी नाकारली गेली. २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. गोंदियात हे प्रमाण ९५० च्या वर होतं. 'मागास' म्हणून हिणवल्या जाणाऱ्या जिल्ह्याचा हा आकडा पुढारलेल्या भागांना लाजवणारा आहे.

मग जन्म कमी झाले तरी लोकसंख्या वाढतेच का?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. एक उदाहरण घेऊ.

दोन आजी-आजोबांच्या जोड्या आहेत, म्हणजे चार माणसं. प्रत्येक जोडीची चार मुलं जगली. झाली आठ. या आठांची लग्नं आपापसांतल्या दोन घरांत झाली असं धरा, म्हणजे चार जोड्या. या जोड्यांनी 'हम दो हमारे दो' पाळलं. नातवंडं झाली आठ. म्हणजे सध्या घरात ४ + ८ + ८ = २० माणसं.

आता आजी-आजोबा जातील, म्हणजे चार कमी. पण नातवंडांना दोन-दोन मुलं होतील, म्हणजे आठ जास्त. एकूण २४. कोणीही दोनपेक्षा जास्त मुलं जन्माला घातली नाहीत, तरी घर वाढलं! त्यापुढच्या पिढीत आठ जातील, आठ येतील, तेव्हा वाढ थांबेल.

याला लोकसंख्येची गती म्हणतात. चालत्या ट्रेनला ब्रेक लावला तरी ती थोडी पुढे जाऊनच थांबते, तसंच. म्हणून २०२० मध्ये महाराष्ट्राचा जन्मदर हजारी १५ आणि मृत्युदर ५.५ होता, आणि एका स्त्रीमागे दोनपेक्षा कमी मुलं असूनही राज्य वाढतच होतं. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजानुसार भारताची लोकसंख्या २०६० च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे १७० कोटींवर पोहोचून मग उतरू लागेल.

थोडक्यात, दोन्ही फॉरवर्ड अर्धवट आहेत. लोकसंख्या अजून वाढतेय हे खरं, पण ब्रेक लागून गेलाय. तो लावायला नवा कायदा लागत नाही.

मृत्युदर वाढला म्हणजे आरोग्य बिघडलं का?

नेहमीच नाही. २०२० च्याच पाहणीत केरळचा मृत्युदर हजारी ७ होता आणि बिहारचा ५.४. म्हणजे बिहारची आरोग्यसेवा केरळपेक्षा चांगली? अजिबात नाही. केरळमध्ये म्हातारी माणसं जास्त आहेत, बिहारमध्ये तरुण जास्त आहेत, म्हणून हा फरक दिसतो. केरळचं आयुर्मान बिहारपेक्षा कितीतरी जास्त आहे.

पण गोंदियाला लागून असलेल्या छत्तीसगडचा मृत्युदर त्याच वर्षी ७.९ होता, आणि तिथे म्हाताऱ्यांची संख्या हे कारण पुरत नाही. म्हणजे आकडे जवळपास सारखे आणि गोष्टी दोन. म्हणून कुणी नुसता मृत्युदर पाठवला तर आधी विचारा: तिथे कोणत्या वयाची माणसं मरतायत?

केशोरीसारख्या भागाचा पेच नेमका काय?

पुस्तकातला सिद्धांत सांगतो, की आधी साथीचे आजार जातात, मग बीपी, शुगर, हृदयविकार येतात. एक पाहुणा गेला की दुसरा आला. पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यात मात्र पहिला पाहुणा गेलेलाच नाही आणि दुसरा येऊन बसलाय.

आदिवासी आरोग्याबाबत डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ समितीने २०१८ मध्ये केंद्राला अहवाल दिला. देशाच्या लोकसंख्येत आदिवासी ८.६ टक्के, पण मलेरियाच्या रुग्णांत सुमारे ३० टक्के आणि मलेरियाच्या मृत्यूंत जवळपास निम्मे. त्याच अहवालाने असंसर्गजन्य आजार आणि व्यसनं यांचं वाढतं ओझंही नोंदवलं.

सिकलसेलचं उदाहरण घ्या. गोंदिया, गडचिरोली, भंडारा, चंद्रपूर या पट्ट्यात हा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आहे. एकाच पालकाकडून हे जनुक मिळालं तर मलेरियापासून काहीसं संरक्षण मिळतं, म्हणून जंगलातल्या पिढ्यांमध्ये ते टिकलं. दोन्ही पालकांकडून मिळालं तर मात्र आयुष्यभराची वेदना. पूर्वी अशी बरीच मुलं लहानपणीच जायची. आता ती जगतात, मोठी होतात, आणि त्यांना कायमची औषधं व गरजेला रक्त लागतं. १ जुलै २०२३ रोजी देशात सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं ते यासाठीच.

आणि नवा पाहुणा? गडचिरोलीच्या ८६ गावांतल्या मृत्यूंचा 'सर्च'ने केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण काय निघालं? मलेरिया नाही, साप नाही. पक्षाघात. साधारण सातपैकी एक मृत्यू लकव्याने होत होता, आणि त्यातले बहुतेक जण घरीच गेले. शहरात ज्याला आपण धावपळीच्या आयुष्याचा आजार म्हणतो, तो धानाच्या बांधीपर्यंत पोहोचून स्थिरावलाही होता.

पक्षाघात टाळायचा तर बीपीची गोळी रोज, न चुकता लागते. आपली ग्रामीण आरोग्य व्यवस्था मात्र मुख्यतः बाळंतपण, लस आणि साथ यांच्याभोवती उभी राहिली. आदिवासी-डोंगराळ भागात २० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ३ हजारांमागे एक उपकेंद्र, हा निकष आहे. त्यात डोकी मोजली जातात, वय मोजलं जात नाही. वीस हजारांत म्हातारी माणसं एक हजार आहेत की तीन हजार, यावर कामाचं स्वरूप पूर्ण बदलतं.

तरुण कुठे आहेत?

जन्म आणि मृत्यू यांशिवाय लोकसंख्येचा तिसरा भाग म्हणजे स्थलांतर. २००१ मध्ये गोंदिया जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १२ लाख होती, २०११ मध्ये १३.२ लाख झाली. वाढ सुमारे १० टक्के. त्याच काळात महाराष्ट्र १६ टक्क्यांनी आणि ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी वाढला. धानाचं एक पीक निघालं की हाताला काम राहत नाही, आणि तरुण नागपूर, पुणे, हैदराबादची वाट धरतात.

पुढचं चित्र बघायचं तर कोकणात बघा. २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरीची लोकसंख्या ४.८ टक्क्यांनी आणि सिंधुदुर्गाची २.२ टक्क्यांनी घटली. मुंबईला जाणारी माणसं आणि लहान होत गेलेली कुटुंबं, दोन्ही एकत्र आलं. गोंदिया त्या वळणावर अजून पोहोचलेला नाही, पण रस्ता तोच आहे. फरक इतकाच, की कोकणाला मनीऑर्डरची आणि मुंबईच्या खोलीची शंभर वर्षांची सवय होती.

याचा तुमच्या-आमच्याशी काय संबंध?

एक, शाळा. २०२३ मध्ये राज्यात वीसपेक्षा कमी पट असलेल्या सुमारे १५ हजार शाळांना 'समूह शाळे'त सामावण्याची चर्चा सुरू झाली आणि मोठा विरोध झाला. पट कमी होण्यामागे खासगी शाळा आहेत, स्थलांतर आहे, आणि कमी झालेले जन्मही आहेत. शहरात शाळा बंद झाली तर पुढच्या चौकात दुसरी असते. जंगलपट्ट्यात पुढची शाळा पुढच्या गावात असते.

दोन, म्हातारपण. श्रावणबाळ योजनेचं मानधन २०२३ मध्ये महिन्याला १,५०० रुपये झालं. केंद्राच्या वृद्धापकाळ योजनेतला ६० ते ७९ वयोगटाचा वाटा मात्र बऱ्याच वर्षांपासून २०० रुपयांवरच आहे. सत्तरीपुढच्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून पाच लाखांचं आयुष्मान कवच आहे, पण ते भरती झाल्यावर उपयोगी पडतं. रोजची गोळी आणि दवाखान्यापर्यंतची गाडी त्यात बसत नाही.

तीन, राजकीय वजन. लोकसभेच्या जागांचं राज्यनिहाय वाटप १९७१ च्या जनगणनेवर गोठवलेलं आहे, आणि राज्यघटनेनुसार २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत ते तसंच ठेवायचं आहे. दक्षिणेतली राज्यं 'आम्ही लोकसंख्या आटोक्यात ठेवली, आम्हालाच शिक्षा का?' असं विचारतायत. हाच प्रश्न महाराष्ट्राच्या आतही आहे. २००८ च्या फेररचनेत विदर्भाच्या विधानसभेच्या जागा ६६ वरून ६२ झाल्या. गोंदिया जिल्ह्यात आज चार जागा आहेत. जिल्हा हळू वाढला आणि ठाणे-पुणे वेगाने वाढले, तर पुढच्या फेररचनेत कोणाचा आवाज बारीक होईल, हे सांगायला ज्योतिषी नको.

मग जास्त मुलं होऊ द्यायची का?

ऑक्टोबर २०२४ मध्ये आंध्रचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू यांनी जास्त मुलांचा पुरस्कार केला. पाठोपाठ आंध्रने स्थानिक निवडणुकांसाठीची दोन अपत्यांची अट काढून टाकली. १ डिसेंबर २०२४ रोजी नागपुरात सरसंघचालक मोहन भागवत यांनीही प्रजनन दर २.१ च्या खाली जाऊ नये, असं मत मांडलं. महाराष्ट्रात मात्र सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालेल्यांना पंचायत निवडणुकीत अपात्र ठरवणारा नियम आहे, आणि सरकारी नोकरीसाठी २००५ चे लहान कुटुंबाचे नियम आहेत. एका स्त्रीमागे १.७ मुलं असलेल्या राज्यात हे नियम आज नेमकं काय साधतात, यावर खुली चर्चा व्हायला हवी.

पण 'जास्त मुलं जन्माला घाला' हे आवाहन कुठेच फारसं चाललेलं नाही. दक्षिण कोरियाने वर्षानुवर्षं अफाट पैसा ओतला, तरी २०२३ मध्ये तिथला दर ०.७२ वर होता. सत्तरच्या दशकात सक्ती करूनही लोकांनी घरातला निर्णय सरकारवर सोडला नव्हता, आणि आज आवाहन करूनही सोडणार नाहीत.

सरकारच्या हातात आहे ते वेगळंच. जन्माला आलेलं मूल जगेल, शिकेल, त्याला जवळपास काम मिळेल, आणि मागे राहिलेल्या म्हाताऱ्या आई-वडिलांना बीपीची गोळी गावात मिळेल, एवढं. त्यासाठी आधी माहिती हवी. म्हणून २०२७ च्या आकड्यांत फक्त 'एकूण किती' एवढंच बघू नका. आपल्या तालुक्यात साठीपुढचे किती, सहा वर्षांखालचे किती आणि बाहेर गेलेले किती, हे तीन आकडे काढा, आणि पुढच्या ग्रामसभेत तेच विचारा. केशोरी असो की तुमचं गाव, पुढच्या वीस वर्षांत शाळा लागेल की दवाखाना, हे त्या तीन आकड्यांवरून ठरणार आहे.